वाचणारा चुकत नाही

२९ मार्च

प्रति,
माहितीपुस्तिका विभाग

महोदय किंवा महोदया,

तुमच्या कंपनीच्या तापमान-सेन्सरचा प्रोग्रॅम कसा वापरावा, हे सांगणारं जे पान इंटरनेटवर आहे, त्याबद्दल ही तक्रार आहे. पानाच्या तळाशी "या पानाचा उपयोग झाला का?" असा प्रश्न आहे आणि त्याखाली एक हसरा आणि एक रडका चेहरा. मी रडका दाबला. मग एक चौकट उघडली, "कारण सांगाल?" सांगायला बसलो, तर तिसऱ्या वाक्याला चौकट म्हणते, जागा संपली. रडा म्हणायचं आणि रुमाल चिमणीएवढा द्यायचा! तरी होतं तेवढं पाठवलं. लगेच उत्तर आलं, "थँक्यू, दोस्त! तू भारी आहेस!" मी चौऱ्याहत्तर वर्षांचा आहे. मी कोणाचाही दोस्त नाही. म्हणून हे कागदावर लिहितो आहे, कागदाला जागा पुरते.

पानाचं नाव "पाच मिनिटांत सुरू करा". मला अडीच दिवस लागले. मी इंग्रजी वाचू शकतो. सव्वीस वर्षं इंग्रजी पुस्तिका उलगडून कारखान्यासाठी बल्गेरियनमध्ये लिहिण्यात घालवली आहेत. प्रोग्रॅमिंगही मला नवं नाही. अडचण भाषेची नाही, आगाऊपणाची आहे. पानावर "फक्त" हा शब्द अकरा वेळा आहे आणि "सोप्पं" सात वेळा. मी मोजले. "फक्त ही फाइल नेहमीच्या जागी ठेवा." कोणाच्या नेहमीच्या? "बाकीचं तर तुम्हाला माहीतच आहे!" माहीत असतं तर तुमचं पान उघडलं असतं का? ज्याला जमत नाहीये त्याला तुम्ही पहिल्या ओळीतच सांगता की हे सोपं आहे, म्हणजे तूच मठ्ठ आहेस. वर रॉकेटचं चित्र.

आमच्या कारखान्यात संगणक बनत होते आणि पुस्तिका लिहिणारे आम्ही चौघे होतो. नियम एकच. ज्याने ते यंत्र आधी पाहिलेलं नाही अशा माणसाला टेबलाशी बसवायचं, पान हातात द्यायचं, आणि त्याने पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत एकट्याने करून दाखवायचं. लिहिणाऱ्याने समोर बसायचं. दोन्ही हात गुडघ्यांवर, तोंड बंद. एक शब्द बोललास की पान रद्द, पुन्हा लिही. वाचणारा जिथे थांबेल, तिथे आपण लिहिताना काय गाळलं ते कळतं. आमच्या विभागाला कॅन्टीनच्या हिशेबाला बसणारी एक मुलगी दिली होती. ती माझी पानं वाचायची आणि भुवया उंचावून थांबायची. तिचं नाव राद्का. पण ते तुला ठाऊक आहे.

बरं, ताकाला जाऊन भांडं कशाला लपवू? पानाच्या तळाशी लिहिणारीचा गोल फोटो आहे. केस कापलेस. मला ते बरे वाटले नाहीत.

मला हे पान कशाला लागलं ते लिहितो, म्हणजे तुला वाटायला नको की मी तुझ्या फोटोसाठी इंटरनेट धुंडाळत होतो. शेजारच्या स्पास्काच्या चेरीच्या दोन बागा आहेत, एक खाली ओढ्याकाठी आणि एक वर टेकडीवर. नवरा गेल्यापासून बारा वर्षं ती त्या झाडांवर उभी आहे. फुलं आली की दहिवराची भीती. तापमान शून्याखाली उतरलं आणि वेळेवर कळलं, तर ओल्या पेंढ्याचा धूर करून बाग वाचते. नाही कळलं तर वर्ष गेलं. तिच्या सहकारी संघाने सेन्सर घेतले आणि ते तुमच्याच कंपनीचे निघाले. ती माझ्याकडे आली आणि म्हणाली, "ल्यूबेन, तू यंत्रांची पुस्तकं लिहायचास ना? हे गार झालं की माझा फोन वाजला पाहिजे. एवढं कर."

केलं. तुझ्या पानावरच्या उदाहरणाच्या पाच ओळी जशाच्या तशा घातल्या. सेन्सर फ्रिजमध्ये ठेवून पाहिला. स्क्रीनवर आलं, "इशारा पाठवला." म्हणजे चालतं. तुझ्या पानामुळे नाही, माझ्या चिकाटीमुळे. पान दुरुस्त कर.

ल्यूबेन


५ एप्रिल

कालिना,

उत्तर नाही. पाच वर्षांत नव्हतं, आता कशाला असेल. सोफिया इथून बसने दोन तासांवर आहे, आणि तुला जणू मध्ये समुद्र लागतो.

मी तुझी बाकीची पानंही वाचली. सगळी. चौदा आहेत. मैत्रीपूर्ण लिहायचं असं तुम्हाला शिकवतात वाटतं. "चला तर मग!" "घाबरू नका!" "चहा घेऊन बसा!" अगं, मैत्री म्हणजे समोरच्याचा वेळ वाया न घालवणं. माणूस अडकलेला असतो, वर साहेब ओरडत असतो, आणि तू त्याला चहा सुचवतेस. पुस्तिकेने पाठीवर हात फिरवू नये. पुढचं पाऊल कुठे टाकायचं ते दाखवावं आणि बाजूला व्हावं.

दोन पानं बरी आहेत. चुका शोधण्याबद्दलचं तर चांगलं आहे. त्यात एकही "फक्त" नाही. ते दुसऱ्या कोणी लिहिलं असेल असं वाटून तळाशी पाहिलं, तर तूच होतीस.

तू का बोलत नाहीस ते मला ठाऊक आहे. आई गेल्याच्या चाळिसाव्या दिवशी, चर्चच्या अंगणात, तिच्या नावाने उकडलेल्या गव्हाचं ताट लोकांपुढे फिरत असताना मी जे बोललो, त्यासाठी. मी म्हणालो, "माझी मुलगी लोकांना वाचायला शिकवून पगार घेते, आणि तिला स्वतःला वाचता येत नाही." हो, म्हणालो. सगळ्यांदेखत म्हणालो. मी ते परत घेत नाही. मी हर्नियासाठी आठ दिवस दवाखान्यात होतो, तू रजा घेऊन आईपाशी राहिलीस, हे खरं. पण मी तुला कागद लिहून दिला होता. कोणती गोळी, किती वाजता, पाणी कोमट की गार, खाण्याआधी की नंतर, सगळं. सव्वीस वर्षं माझ्या पुस्तिकेत चूक निघाली नाही. तरी तू सहा दिवस तिला जुनी पिवळी गोळी आणि नवी पांढरी गोळी अशा दोन्ही दिल्यास, आणि शनिवारी तिची नाडी तीसवर आली. डॉक्टर म्हणाले, तसंही तिचं हृदय थकलेलंच होतं, फार तर महिना मिळाला असता. महिना! तुला काय कळणार महिना म्हणजे काय.

खालच्या बागेत फुलं उघडली. स्पास्का रोज तीनदा विचारते, "ते चालू आहे ना?" चालू आहे.

ल्यूबेन


११ एप्रिल

कालिना,

हे वाचताना बसून घे. चहासुद्धा घे, तुला आवडतो ना लोकांना पाजायला.

परवा सकाळी सहाला दार वाजलं. दारात स्पास्का, हातात फुलांनी लगडलेली फांदी. आत आली, माझ्या टेबलाशी बसली आणि फुलं तोडून अंगठ्याच्या नखाने चिरायला लागली. फुलाच्या मधोमध हिरवा कोंब असतो, तो गोठला की काळा पडतो. बाहेरून फूल पांढरंशुभ्रच दिसतं. तिने वीस फुलं चिरून ओळीने मांडली. सतरा काळी.

"फोन वाजला नाही, ल्यूबेन."

"वाजला असेल. तुला झोप लागली असेल."

"मी उशीखाली घेऊन पडले होते. कोंबड्यांचा आवाज ऐकला, ओढ्याचा आवाज ऐकला. तुझा इशारा नाही ऐकला."

मी संगणकापाशी गेलो. स्क्रीनवर पहाटेपासून एकोणीस वेळा लिहिलेलं होतं, "इशारा पाठवला". कोणाला पाठवला? सैतानाच्या आजीला? मग मी तुझ्या पाच ओळी पुन्हा एकेक शब्द बघत वाचल्या. तिसऱ्या ओळीत "चाचणी: चालू". चाचणी चालू असली की प्रोग्रॅम कोणालाही फोन करत नाही, नुसता स्क्रीनवर लिहितो. हे कुठे सांगितलंय? सापडलं. दुसऱ्या पानावर, "अनुभवी लोकांसाठी" या मथळ्याखाली, मिटलेल्या चौकटीच्या आत. आणि जिथे तू लोकांना सांगतेस की या पाच ओळी उचला आणि चिकटवा, तिथे त्याबद्दल अवाक्षर नाही! जगातला प्रत्येक माणूस आधी उदाहरण उचलतो आणि मग, जमलं तर, वाचतो. हे कॅन्टीनमधल्या पोरीला माहीत होतं.

तळपायाची आग मस्तकात गेली. मी स्पास्काला सगळं समजावून सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "नाचता येईना अंगण वाकडं. लावलंस तू, वाचलंस तू, आणि चूक सोफियातल्या पोरीची?"

"हो, तिची!" मी ओरडलो. "वाचणारा चुकत नाही, स्पास्का! चुकतो तो लिहिणारा!"

"नेहमी?"

"नेहमी!"

हे तिला सांगितलं आणि तुलाही लिहून देतो, खाली सही करतो. वाचणारा कधीच चुकत नाही. कागद हातात धरून माणसाने उलटं केलं, तर चूक कागदाची, आणि कागद ज्याने लिहिला त्याची. याला अपवाद नाही. भिंतीवर लाव हे तुझ्या हपिसात.

खालची बाग गेली. नव्वद झाडं. वरची टेकडीवरची दहा दिवस उशिरा फुलते, ती अजून शिल्लक आहे. मी "चाचणी: बंद" केलं आहे. पण तुझ्या पानावर अजून "चालू"च आहे, आणि आज कुठेतरी दुसरा कोणीतरी म्हातारा ते उचलतो आहे. ताबडतोब बदल.

ल्यूबेन


१८ एप्रिल

कालिना,

गुरुवारी पाकीट आलं. पत्त्यावरचं अक्षर ओळखलं. उभ्यानेच सुरीने फोडलं. वाटलं होतं चार ओळी असतील. शिव्या असत्या तरी चाललं असतं.

आत एकच कागद. माझंच अक्षर, माझंच निळं पेन. आईच्या औषधांचा कागद, झेरॉक्स नाही, मूळचा. घड्यांवर फाटायला आलेला, कोपऱ्यावर कॉफीचा डाग. तुझा एक शब्द नाही. चौथ्या आणि पाचव्या ओळीच्या मध्ये लाल शाईचं एक काकपद. इथे काहीतरी राहिलं, ही खूण. ती करायला तुला मीच शिकवलं होतं, तू सातवीत असताना, तुझ्या निबंधावर.

हे काय आहे? सूड?

चौथ्या ओळीत मी लिहिलं होतं, "सोमवारपासून डॉक्टरांनी दिलेली नवी पांढरी गोळी सुरू, सकाळी एक." स्पष्ट आहे! नवी गोळी सुरू झाली म्हणजे जुनी बंद, हे कोणालाही कळतं. दूधवाला बदलला तर आपण दोघांकडून दूध घेतो का? आणि आईला ते माहीत होतं. दवाखान्याच्या व्हरांड्यात डॉक्टरांनी आम्हा दोघांना सांगितलं होतं. तू तिला विचारायचंस. ती गुंगीत होती असं तेव्हा म्हणालीस, तर मग मला फोन करायचास. स्पास्काच्या बागेची तुलना तू या कागदाशी करतेस? तिथे तू उदाहरणातच सुरुंग पेरून ठेवला होतास. इथे मी फक्त एक गोष्ट

नाही. तो शब्द मी वापरणार नाही.

पान बदललंस ते पाहिलं. पहिल्याच चौकटीत आता लिहिलंय, "खरा इशारा हवा असेल तर चाचणी बंद असल्याची खात्री करा, आणि फोन प्रत्यक्ष वाजतो का ते पाहा." चांगलं वाक्य आहे. "सोप्पं" गेलं, रॉकेट गेलं. बदलांच्या यादीत कारण दिलंस, "एका वाचकाच्या पत्रावरून." एका वाचकाच्या! बाप लिहिलं असतं तर बोटं झडली असती का?

आणि "फोन प्रत्यक्ष वाजतो का ते पाहा" हे तू मला उद्देशून लिहिलंस हे मला कळलं. हो, फ्रिजमध्ये सेन्सर ठेवला तेव्हा स्पास्काचा फोन तिच्या घरी चार्जिंगला होता. मी स्क्रीनवर विश्वास ठेवला. तिला हे मी सांगितलेलं नाही. त्याने काय सिद्ध होतं? काही नाही.

कागद तुला परत पाठवतो आहे, मला नको.

ल्यूबेन


२७ एप्रिल

कालिना,

कागद परत पाठवला नव्हता. पत्र पेटीत टाकलं आणि कागद टेबलावरच राहिला. आठवडाभर त्याच्याशेजारी जेवलो.

बुधवारी पहाटे वरच्या बागेत तापमान उतरलं आणि स्पास्काचा फोन वाजला. तिने आणि संघातल्या लोकांनी धूर केला. दुपारी ती घरी गाळलेल्या चेरीच्या राकियाची बाटली घेऊन आली. म्हणाली, "वरचं वाचलं. शंभर फुलं चिरली, नऊ काळी. तुझ्या पोरीला सांग." मी तिला टेबलाशी बसवलं आणि फ्रिजच्या दिवशी तिचा फोन घरी होता हे सांगून टाकलं. तिने मला एक शिवी दिली, ती लिहीत नाही. मग म्हटलं, आणखी एक काम आहे, शिव्या नंतर दे.

कागद मी नव्या कागदावर उतरवून काढला होता, नाव न घालता, तुझी लाल खूण न करता. सात बशा मांडल्या, रविवारपासून शनिवारपर्यंत सात वारांच्या. आईच्या शिवणाच्या डब्यातली पिवळी बटणं, आणि पांढऱ्या गोळीच्या जागी घेवड्याचे दाणे. बाकीच्या औषधांसाठी मसूर आणि मणी. तिला म्हटलं, "यात लिहिलंय तसं भर. मी काही बोलणार नाही." आणि समोर बसलो. हात गुडघ्यांवर.

ती भराभर करत गेली. सगळ्या बशांत एकेक पिवळं बटण. पाणी कोमट, तिने मान डोलावली. मग चौथी ओळ आली आणि ती थांबली. भुवया वर. कालिना, मी ते थांबणं ओळखतो. सव्वीस वर्षं मी त्या थांबण्यावर पोट भरलं.

"ही पण, की हीच?" तिने विचारलं.

मी गप्प.

"बोल की रे. पिवळी काढायची का राहू द्यायची?"

मी गप्प. गुडघ्याला बोटं रुतली.

तिने ओळ पुन्हा वाचली. वरच्या ओळी पुन्हा वाचल्या. मग स्वतःशीच म्हणाली, "ज्याने पाणी गार की कोमट तेसुद्धा लिहिलंय, तो पिवळी बंद करायची असती तर लिहिल्याशिवाय राहिला असता होय? म्हणजे दोन्ही." आणि सोमवारपासून शनिवारपर्यंत प्रत्येक बशीत, पिवळ्या बटणाशेजारी, एक पांढरा दाणा ठेवला. सहा दिवस.

मग तिने माझ्याकडे पाहिलं आणि तिला कळलं. "हा राद्काचा कागद आहे?"

मी हो म्हणालो.

"ल्यूबेन. गव्हाच्या ताटासमोर तू त्या पोरीला काय बोललास ते मी ऐकलंय. मी तेव्हा तुझ्या बाजूने मान हलवली होती." ती उठली. "लोकांच्या डोळ्यातलं कुसळ शोधत फिरतोस, आणि स्वतःच्या डोळ्यात हे मुसळ!" राकियाची बाटली तिने परत नेली. बरं केलं.

आता ऐक. सव्वीस वर्षांत माझं एकही पान तुझ्या आईने वाचल्याशिवाय बाहेर गेलं नाही. लग्नानंतरही नाही. मला वाटायचं मी चांगला लिहितो. चांगलं ती वाचत होती. मग ती अंथरुणाला खिळली, आणि मी आयुष्यात पहिल्यांदा न तपासलेला कागद कोणाच्या तरी हातात दिला. तुझ्या हातात. तो एवढा बारकाईने लिहिला होता की कोणालाही वाटावं यात काही राहिलेलं नाही.

अजून एक आहे. ज्या शनिवारी तिला रुग्णवाहिकेतून नेलं, त्या संध्याकाळी मी दवाखान्यातून तुला फोन करून विचारलं होतं, माझा कागद कुठे आहे? तू म्हणालीस, "हरवला, बाबा." मला बरं वाटलं होतं. हे मी आज पहिल्यांदा लिहितो आहे. मला बरं वाटलं होतं, म्हणजे मला तेव्हाच कळलं होतं. आणि कळूनही मी चाळिसाव्या दिवशी उभा राहिलो आणि तुला लोकांसमोर उघडं पाडलं.

आणि तो हरवला नव्हता! तो तुझ्या पर्समध्ये होता! डॉक्टरांनी विचारलं तेव्हाच तुला काय राहिलंय ते दिसलं असणार, आणि तू तो दडवलास. कोणासाठी? माझ्यासाठी? मी तुला अंगणात सोलत होतो आणि तू तो कागद पर्समध्ये घेऊन उभी होतीस? का नाही काढलास? का नाही माझ्या तोंडावर मारलास तिथेच, पाद्र्यासमोर? पाच वर्षं मला शहाणा राहू दिलंस! कोणी सांगितलं होतं तुला हे करायला? मला राग आलाय. तुझा आला आहे, स्वतःचा त्याहून जास्त आला आहे. इथेच थांबतो.

ल्यूबेन


१२ मे

कालिना,

काल पाच वर्षं झाली. दरवर्षीसारखं भिंतींवर लावायचं आईचं स्मृतिपत्रक छापायला गेलो. छापखान्यात मेतोदी असतो, गावातल्या सगळ्या मेलेल्यांची पत्रकं तोच छापतो, फोटो आणि काळी चौकट त्याच्याकडे तयारच असते. मी मजकूर दिला. त्याने वाचला आणि चष्मा काढला.

"असं नसतं लिहायचं, काका. मेलेल्या माणसाच्या कागदावर जिवंतांची लफडी?"

"पैसे मी देतोय ना? छाप."

"लोक काय म्हणतील?"

"लोक तेव्हाही ऐकत होते. तेव्हा कोणी नाही विचारलं लोक काय म्हणतील."

"निदान शब्द जरा मऊ करू. 'गैरसमज झाला' असं टाकू."

मी त्याला सांगितलं की एक अक्षर बदललंस तर तुझी काच फोडीन. त्याने छापलं. मजकूर इथे उतरवतो, कारण हा कागद आहे आणि तो तुझ्या हातात आधी यायला हवा होता.

"राद्का जाऊन पाच वर्षं झाली.

दुरुस्ती. तिच्या चाळिसाव्या दिवशी, चर्चच्या अंगणात, मी म्हणालो की माझ्या मुलीला वाचता येत नाही. ते खोटं होतं. औषधांचा कागद मी लिहिला होता. 'पांढरी गोळी सुरू झाली की पिवळी बंद करा' हे त्यात लिहायला मी विसरलो. कालिनाने कागदात होतं ते सगळं बरोबर केलं. मग माझी चूक तिला दिसली, आणि मला वाचवण्यासाठी तिने तो कागद पाच वर्षं कोणाला दाखवला नाही. त्या दिवशी जे अंगणात होते त्यांनी हे वाचावं आणि जे नव्हते त्यांना सांगावं.

ल्यूबेन, नवरा."

आमच्या दारावर लावलं, चर्चच्या फाटकावर, दुकानापाशी, संघाच्या कचेरीवर, स्मशानाच्या भिंतीवर आणि बसथांब्यावर. स्पास्का खळीचा डबा घेऊन बरोबर फिरली. माझ्याशी बोलत नव्हती, पण ब्रश तिच्या हातात होता.

आज सकाळी बसथांब्यावर गेलो. चार बायका बसची वाट पाहत उभ्या होत्या आणि वाचत होत्या. त्यांतली एक त्या अंगणात होती, मला आठवतं, गव्हाचं ताट तिच्याच हातात होतं. तिने बोट ठेवून शेवटपर्यंत वाचलं आणि माझ्याकडे वळली.

"हे पोरीला सांगितलंस का," ती म्हणाली, "की नुसतंच भिंतीला सांगितलंस?"

मी म्हणालो, सांगितलं, पत्र पाठवलं होतं. ती म्हणाली, "काय लिहिलंस?" मी घरी वळलो. रस्ताभर आठवत आलो. गेल्या पत्रात मी चूक कबूल केली, ओरडलो, तुलाच जाब विचारला. एवढी पानं लिहिली आणि जे लिहायचं ते कुठेच नाही.

कालिना, तुझी चूक नव्हती. तू आईची नीट काळजी घेतलीस. ती माझ्या चुकीने दवाखान्यात गेली आणि मी ती तुझ्या माथी मारली. मला माफ कर.

बाबा